खिशातलं हत्यार आणि खारं पाणी

प्रश्न : सुटीच्या दिवशी मी छोट्या शिडाच्या बोटीवर असतो. पक्कड, चाकू, स्क्रू ड्रायव्हर सगळं एकात असलेलं घडीचं हत्यार घेतलं होतं. वर 'स्टेनलेस' लिहिलेलं असूनही एका मोसमात त्याचे सांधे आवळले. आता दोन्ही हातांनी ओढूनही पक्कड उघडत नाही. टिकेल असं कोणतं घ्यावं?

उत्तर : तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. स्टेनलेस पोलादातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर धरतो आणि तो गंज अडवतो. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड नेमका हाच थर फोडतात. त्यात धार टिकायची तर पोलादात कार्बन लागतो, आणि हा कार्बन थोडं क्रोमियम स्वतःकडे बांधून ठेवतो. म्हणून पात्याचं पोलाद लवकर गंजतं. लेदरमन वेव्हसारख्या नावाजलेल्या हत्याराचं पातंही ४२० एचसी पोलादाचं असतं. ते चांगलंच आहे, पण मिठासमोर त्याला निगा लागते.

पातं डोळ्यांसमोर असतं, म्हणून आपण ते पुसतो. सांधा राहून जातो. मी माझी पक्कड एकदा भिंगाखाली धरली होती. पात्यावर टाचणीच्या टोकाएवढे दोन तपकिरी ठिपके, आणि सांध्याच्या फटीत मात्र मीठ आणि गंज यांचा घट्ट लगदा. पाणी वाळतं, मीठ तिथेच बसतं आणि हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं.

एलसी२००एन या पोलादात कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजन करतो. खाऱ्या पाण्यात ते जवळजवळ गंजतच नाही. ते मिळतं मुख्यतः साध्या घडीच्या चाकूंमध्ये, आणि माझ्या मते ते सोयीचंच आहे. कारण मी तुम्हाला एक नाही, दोन हत्यारं घ्यायला सांगणार आहे.

बरीच वर्षं मीही एकाच हत्यारावर भागवत होते. एका वाऱ्याच्या दिवशी पुढच्या शिडाचा दोर विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून ओढायच्या चक्रावर, वेढ्यावर वेढा चढून आवळला. शीड सुटेना, बोट कलत चालली. माझा एक हात सुकाणूवर. खिशातल्या हत्याराचं पातं पकडीच्या मुठीच्या आत, नखाने ओढून काढायचं, म्हणजे दोन हात लागणार. शेवटी मूठ दातांत धरून पातं उघडलं आणि दोर कापला. बोट सावरली, पण त्या दिवसापासून चाकू वेगळा ठेवते.

तर चाकू असा घ्या : ओल्या हाताने, एकाच हाताने उघडणारा, उघडल्यावर पक्कं कुलूप बसणारा. निदान अर्ध्या पात्याला करवतीसारखे दाते हवेत. डायनीमासारख्या कृत्रिम धाग्याचा गुळगुळीत दोर साध्या धारेखालून निसटतो, दाते त्याला धरून कापतात. टोक बोथट असलेलं बरं, कारण हलत्या बोटीवर टोकदार पातं सोबत्याच्या हाताला किंवा हवेच्या लाइफ जॅकेटला लागायला वेळ लागत नाही. चाकू दोरीने जॅकेटला बांधून ठेवा. दोरी हात पूर्ण ताणता येईल इतकी लांब असावी.

पकडीचं हत्यार खिशात. त्यात पकडीखालोखाल मी पाहते तो दाभणासारखा टोचा. भिजून दगड झालेली गाठ त्यानेच सुटते. शॅकलची, म्हणजे दोर-शीड जोडायच्या धातूच्या कडीची, पिन फिरवायला खाच असेल तर उत्तम. बाकी वीस अवजारं मोजू नका. जितके सांधे जास्त, तितकं मीठ साठायला जागा जास्त. हातमोजे घालून, डोळे मिटून उघडून पाहा. जमलं नाही तर ते घेऊ नका. पकडीच्या तार कापायच्या भागावर डोलकाठीच्या तारांसाठी विसंबू नका, त्या तिला पेलत नाहीत. आणि पोलादी हत्यार होकायंत्राशेजारी ठेवू नका, सुई ढळते.

किनाऱ्यावर आल्यावर दोन्ही गोड्या पाण्यात उघडमीट करत धुवा, पूर्ण वाळवा, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा.

तुमचं जुनं हत्यार टाकू नका. रात्रभर कोमट गोड्या पाण्यात ठेवा, सकाळी वाळवून सांध्यात तेल मुरवा आणि हळूहळू हलवा. जोर लावू नका. ते सुटलं तरी पात्याचं कुलूप पक्कं बसत नसेल, तर बोटीवर नेऊ नका. घरच्या कामाला वापरा.