ओव्हरक्लॉकिंगसाठी महागडा मदरबोर्ड हप्त्यावर घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की एएमडीचा रायझन ७६०० प्रोसेसर ठरलाय, तर बी६५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे स्लॉट, पोर्ट सांभाळणारी चिप) मधल्या किमतीचा बोर्ड घेऊ का दुपटीहून महाग, वरच्या एक्स६७०ई चिपसेटचा हप्त्यावर उचलू, कारण पुढेमागे ओव्हरक्लॉक करायचंय, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचाय, आणि "स्लॉट जास्त असलेले बरे" (स्लॉट म्हणजे जादा कार्डं लावायच्या खाचा). हप्त्यावर तर नकोच, आणि रोख पैसे असतील तरी मी बी६५० च घ्या म्हणेन.

आधी ओव्हरक्लॉकिंग. एएमडीकडे बी६५० वर पण प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो, वरच्या चिपसेटची त्यासाठी गरजच नाही (इंटेलकडे मात्र नावात के असलेला प्रोसेसर आणि झेडने सुरू होणारा चिपसेट दोन्ही लागतात). बघायचं ते व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, बाजूला जाड हीटसिंक दिसतात ना त्यांच्याखाली तो असतो, आणि ७६०० चा टीडीपी, म्हणजे उष्णता-विजेचा ठरवलेला अंदाजी आकडा, ६५ वॉटच आहे, त्याला मधला बोर्ड आरामात पुरतो. शिवाय आजकालचे प्रोसेसर स्वतःच वेग वाढवून (बूस्ट) मर्यादेजवळ पळतात, तुम्ही हाताने ताणून थोडंसंच मिळवणार, उष्णता मात्र भरपूर, आणि त्यात काही जळलं तर वॉरंटी मिळत नाही. तेच जास्तीचे पैसे वरच्या प्रोसेसरमध्ये घाला, आठ कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) मिळतील, ७६०० च्या सहाचे आठ कुठल्याही सेटिंगने होत नाहीत.

स्लॉटचं गणित जरा नीट बघा, कारण पैसे खरे इथेच वाया जातात. या प्रोसेसरच्या वापरता येणाऱ्या पीसीआयई लेन (कार्डं नि एसएसडीचा डेटा ज्यातून जातो त्या वाटा) २४, त्यातल्या १६ ग्राफिक्स कार्डला, उरलेल्या बहुतेक एसएसडीला, बाकीचं सगळं चिपसेटमधून जातं, म्हणून खालचा लांब स्लॉट दिसतो पूर्ण पण आत बऱ्याचदा चारच लेन असतात. एक्स६७०ई वर चिपसेटच्या लेन जास्त मिळतात हे खरं, पण तुमच्याकडे एक ग्राफिक्स कार्ड नि एक एसएसडी आहे, आणि गेमसाठी दोन कार्डं जोडायचे दिवस गेले. व्हिडिओ एडिटिंगवर कमाई असती, कॅप्चर कार्ड, १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड, तीन-चार एसएसडी आत्ताच लागत असते तर मीच महाग बोर्ड घ्या म्हटलं असतं.

तुमचं खरं एक्सपान्शन सॉकेटमध्ये आहे. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटचे २०१७ मधले कितीतरी बोर्ड बायोस (बोर्डाचं अंगचं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालवतात, आणि तुमच्या ७६०० च्या एएम५ सॉकेटला पण एएमडीने २०२७ पर्यंतचा सपोर्ट सांगितलाय. तेव्हा हप्त्याची रक्कम दर महिन्याला वेगळी ठेवा, दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर रोखीत बसवा.

ऑर्डर देण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल डाउनलोड करून कोणता एम.२ (एसएसडीचा स्लॉट) भरला की कोणता स्लॉट किंवा साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायची जागा) बंद होतो ते वाचा. आणि रॅमच्या दोनच स्टिक घ्या, चार लावल्या तर या प्रोसेसरवर रॅमचा अधिकृत वेग ५२०० वरून ३६०० एमटी/सेकंदवर येतो.