म्हाताऱ्या आई-वडिलांना पहिल्यांदा उमराहला, म्हणजे मक्केच्या यात्रेला न्यायचंय. पॅकेज घेऊ की आपलं आपण करू? आधी मक्का की आधी मदिना?

अब्बा 68 चे, अम्मी 63 च्या, चिकोडीकडून निघणार, 15 दिवसांचं ग्रुप पॅकेज बघून ठेवलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी निपाणीचा. घरात दखनी, बाहेर सगळा कारभार मराठीत, शाळाही मराठीच झाली. 2023 च्या डिसेंबरात मी, माझा थोरला भाऊ आणि अम्मा असे तिघं जाऊन आलोय. इथली बाकीची उत्तरं वाचली, सगळे रेटवरच बोलायलेत. गुडघ्यावर कोण बोलत नाही म्हणून लिहायलोय.

आमच्या अम्मानं 31 वर्षं विड्या वळल्यात. ज्याच्या घरात विडीचं सूप आहे त्याला सांगायला नको, सकाळपासून मांडी घालून बसायचं, सूप मांडीवर, पान कातरायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, परत पुढचं पान. त्यात दोन गोष्टी जातात, गुडघे आणि बोटांच्या रेषा. उमराहचे निम्म्याहून जास्त पैसे तिचेच, भिशीचे आणि पीएफचे, आम्ही दोघांनी फक्त वर भर घातली. त्यामुळं कुणी मला म्हणालं की 'आम्ही आईला उमराह करवून आणलं' तर मला बोलायचंच सुचत नाही, आमच्यात तिनंच आम्हाला नेलंय.

जेद्दाला उतरलो, इमिग्रेशनच्या काउंटरवर बोटांचे ठसे घेतात, अम्माचे लागेनात. रेशनच्या मशीनवर पण तिचा अंगठा लागत नाही, तेव्हा मला आधीच कळायला पाहिजे होतं. तो पोरगा काचेतून खुणा करायला, पुसा, जोरात दाबा, ही आपली ओढणीच्या टोकानं एकेक बोट पुसून परत ठेवतेय, मागं लाइन थांबलेली. पाच-सहा वेळा झाल्यावर लागले कसेबसे. तुमच्या अम्मींनी विड्या, शेतातलं, भांड्याचं काम केलं असेल तर महिनाभर आधीपासून हाताला रोज तेल किंवा क्रीम लावायला सांगा. आणि कागदाचं म्हणाल तर आपल्याकडं आधारवर नाव कन्नडातून जातंय, जुने दाखले मराठीत, एखादं अक्षर इकडचं तिकडं झालेलं असतंय. पासपोर्टच्या आधी ते सरळ करून घ्या.

आता हॉटेल. एजंटनं सांगितलं हरमपासून, म्हणजे काबाभोवतीच्या मोठ्या मशिदीपासून, 700 मीटर. खोटं नव्हतं ते. पण अजयाद भागातला चढ होता, हे कागदावर कुठं लिहितात? 700 मीटर म्हणजे जाऊन-येऊन 1400, पाच नमाजांना गेलात तर रोजचे 7 किलोमीटर, आणि हरमच्या आतलं चालणं वेगळं. भाईजाननं, म्हणजे थोरल्या भावानं, हे पॅकेज पसंत केलतं कारण माणशी 12 हजार कमी होते. मी तेव्हाच म्हणालतो की जवळचं घेऊ, ज्यादाचे पैसे मी देतो. 'तुला काय कळतंय, तिथं झोपायला जायचंय काय' असं म्हणून विषय मिटवला.

पहिल्याच रात्री उमराह करायचा होता. मी खुर्ची घेऊ म्हणालो, व्हीलचेअर. भाईजान म्हणाला, पायानं केलेल्या तवाफची (काबाभोवतीच्या फेऱ्यांची) बातच वेगळी, खुर्चीवर बसलं की सवाब (पुण्य) अर्धा होतोय. कुठं वाचलंस विचारलं तर म्हणे सगळेच म्हणतात. अम्मा थोरल्याचं ऐकते, चालायला लागली. तवाफचे सात फेरे झाले, मकामे इब्राहिमच्या मागं दोन रकात नमाज झाली, जमजमचं पाणी प्याली, मला वाटलं होतंय बहुतेक. पण सई, म्हणजे सफा-मरवा ह्या दोन टेकड्यांमधले सात फेरे, सगळे मिळून जवळजवळ तीन किलोमीटर होतात, आणि सगळी संगमरवरी फरशी. पाचव्या फेरीत हिरव्या लाइटच्या पट्ट्यात पुरुष पळतात तसे भाईजान पुढं पळाले, मागं वळून बघितलं तर अम्मा नाही. ती कडेला खाली बसलती. चपलांची पिशवी मांडीवर घेतलेली, दोन्ही हातांनी धरून, सूप धरते तशीच. कुठल्या देशाची बाई ते माहीत नाही, एक काळीसावळी म्हातारी तिच्यासमोर बसून तिचे गुडघे दाबायलेली, दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. मी पळत जाऊन खुर्ची आणली. उरलेल्या अडीच फेऱ्या मी ढकलल्या. अम्मा रडत होती आणि मला वाटलं दुखतंय म्हणून. मरवाला पोचल्यावर हळूच विचारती, 'माझा उमराह मोडला काय रे?'

ह्या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायलोय. 31 वर्षं पैसे साठवून काबाशरीफसमोर पोचलेल्या बाईला आपला उमराह मोडला असं वाटावं, ते पण कशामुळं, तर घरातल्यानंच 'सगळे म्हणतात' म्हणून सांगितलं त्यामुळं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपच्या मौलानांना विचारलं. त्यांनी सांगितलं, पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा (र.) आजारी होत्या, तर हुजूर (स.) नी, म्हणजे पैगंबरांनी, त्यांना सांगितलं, लोकांच्या मागून सवारीवर बसून तवाफ कर. सहीह बुखारी ह्या हदीसच्या ग्रंथात आहे. आणि आखरी हजला खुद्द हुजूर (स.) नी उंटावर बसून तवाफ केला, हातातल्या काठीनं हजरे अस्वदला, काबाच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडाला, इशारा करत. अम्मानं मौलानांकडून ते दोनदा सांगून घेतलं. त्यानंतर रोज खुर्चीवर, वरच्या मजल्यावरून (खुर्चीवाल्यांना सहसा वरच पाठवतात, फेरा मोठा पडतो पण बसणाऱ्याला काय), चार नफिल (ऐच्छिक) तवाफ केले तिनं. भाईजान अजून पण पाहुण्यांत सांगतो की अम्माची सई अर्धी खुर्चीवर झाली. अर्धी नाही झाली, पुरी झाली.

तर तुमचा प्रश्न. आधी मदिना करा. मदिन्याला उतरणारं विमान मिळालं तर उत्तमच. आधी मक्का केलं तर विमानातच यलमलमच्या हद्दीआधी अहराम (उमराहचा पेहराव), रात्रीचं जागरण, आणि त्याच थकव्यात तवाफ-सई, आमचं हेच झालं. मदिन्यात तीन-चार दिवस अंग सावरतं, मस्जिदे नबवीच्या, पैगंबरांच्या मशिदीच्या, भोवती सगळं सपाट आहे, आणि मग निघताना मदिन्याजवळच्या जुलहुलैफावरून, म्हणजे अब्यार अलीला, निवांत अंघोळ करून अहराम बांधता येतो. मदिन्याहून मक्का साधारण 450 किलोमीटर, बसला पाच-सहा तास, 2018 पासून हरमैन रेल्वे आहे ती दोन-सव्वादोन तासांत नेते. म्हाताऱ्यांसाठी रेल्वेचे पैसे द्या, बसवर वाचवू नका. मदिन्यात 40 नमाजा पुऱ्या करायच्या म्हणून काहीजण आठ दिवस धरतात, ती उमराहची अट नाही. मस्जिदे नबवीतल्या रियाजुल जन्ना ह्या खास जागेचा स्लॉट सौदी सरकारच्या नुसुक अॅपवर घ्यावा लागतो, बायकांची वेळ वेगळी, ते अम्मींच्या फोनवर निघायच्या आधीच बसवून ठेवा. मदिन्यातल्या जियारतमध्ये (पवित्र जागा बघण्यात) कुबा, उहुद, किब्लतैन अर्ध्या दिवसात होतात. मक्क्यातला जबले नूर डोंगर खालूनच बघायचा, अब्बा किती पण म्हणू दे.

पॅकेज की स्वतः? तुम्हाला मोबाइलवर बुकिंग जमत असेल तर स्वतः करा, खर्च फार वेगळा येत नाही आणि हॉटेल आपल्या हातात राहतं. जमत नसेल तर पॅकेज घ्या, पण हॉटेलचं नाव लिहून घ्या, 'ऑर सिमिलर' असेल तर पैसे भरू नका, आणि मॅपवर नुसतं अंतर नाही, चढ बघा. ग्रुपचा एक फायदा मान्य आहे, जेवण आपलं मिळतं आणि मौलाना सोबत असतात. आमच्या मौलानांमुळंच अम्माचं मन शांत झालं. रमजानमध्ये पहिल्यांदा नेऊ नका, गर्दी आणि दर दोन्ही झेपत नाहीत.

एक राहिलं. धडधाकट माणसानं उगाच खुर्ची घेऊ नये, आपल्या हनफी मतानं ज्याला चालता येतंय त्यानं चालणं वाजिब (बंधनकारक) आहे, भाईजानचं तेवढं बरोबर. तुमचे अब्बा अजून रोज शेतापर्यंत चालत असतील तर त्यांना चालू द्या, फक्त खुर्ची जवळ ठेवा. हरममध्ये फुकट मिळते, ढकलायला माणूस घेतला तर त्याचे पैसे.

आणि खुर्ची घेऊ का म्हणून विचारू नका, दोघं पण नको म्हणणार. आणून समोर उभी करायची. तुमच्यात थोरला भाऊ सोबत येणार असेल तर त्याला उम्मे सलमांचं घरातच, बॅगा भरायच्या आधी सांगा. तिथं पाचव्या फेरीत सांगायला वेळ मिळत नाही.