घरच्या घरी ऑनलाइन गेम: वाचकांचे प्रश्न

स्वतःचा फँटसी रोल-प्लेइंग गेम छंद म्हणून घडवणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी निवडली आहेत.

प्रश्न: आम्ही दोघं मित्र नोकरी सांभाळून दीड वर्षं गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर (इंजिनवर) गेम बनवतोय. वेताळ, मुंजा, गिऱ्हा, हडळ अशी कोकणातली सगळी भुतावळ त्यात आहे. सहा गावं आणि तीस मोहिमा तयार झाल्यात. आता शंभरेक जणांना एकत्र खेळता यावं म्हणून तो ऑनलाइन करायचाय. काय काय जोडावं लागेल? – डोंबिवली

उत्तर: नकाशे, चित्रं, संवाद, मोहिमांचं लेखन हे सगळं तुम्हाला जसंच्या तसं वापरता येईल. चालणं, लढाई आणि पिशवी (खेळाडूकडच्या वस्तूंचा साठा) यांचा कोड मात्र नव्याने लिहावा लागेल. तो वरून जोडता येत नाही. एकट्याने खेळायच्या गेममध्ये वार लागला का, मुंज्याचा जीव किती कमी झाला, मोहरा किती मिळाल्या, हे सगळं खेळाडूच्याच मोबाइलवर ठरतं. ऑनलाइन गेममध्ये तसंच ठेवलंत, तर मोबाइलच्या मेमरीतला एक आकडा बदलून कुणीही लखपती होईल. म्हणून खेळाडूकडून सर्व्हरला, म्हणजे सगळ्यांचा खेळ सांभाळणाऱ्या मधल्या संगणकाला, फक्त इच्छा जाऊ द्या: ‘उजवीकडे चालायचंय’, ‘या मुंज्यावर वार करायचाय’. अंतर पुरतं का, आधीच्या वारानंतर पुरेसा वेळ गेला का, हे सर्व्हर तपासेल आणि निकाल सगळ्यांना कळवेल.

सहा गावं तूर्त बाजूला ठेवा आणि एक रिकामी खोली घ्या. तिच्यात पात्रांच्या जागी दोन गोल, दोन मोबाइलवरून चालणारे, आणि एकमेकांशी बोलण्यासाठी चॅट. सर्व्हर तुमच्याच लॅपटॉपवर चालू द्या. अशा गेमला सर्व्हरने सेकंदाला १० वेळा हिशेब केला तरी पुरतं. आपलं पात्र बोट लावताक्षणी हललं पाहिजे, सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबून चालणार नाही. उत्तर वेगळं आलं तर जागा हळूच दुरुस्त करायची. इतरांची पात्रं मात्र सुमारे २०० मिलिसेकंद मागे ठेवून, आलेल्या दोन जागांच्या मधून सरकवत दाखवा. हे केलं नाही तर ती टुणटुण उड्या मारतात.

घरच्या वायफायवर सगळं गुळगुळीतच दिसतं, त्यावर विसंबू नका. लिनक्सवर ‘टीसी नेटेम’ या खराब नेटवर्कची नक्कल करणाऱ्या आज्ञेने १२० मिलिसेकंद उशीर, ४० मिलिसेकंदांची चढ-उतार आणि ३ टक्के पॅकेटगळती (वाटेत हरवणारे संदेश) मुद्दाम घाला. पात्र मागे खेचल्यासारखं वाटलं, तर चालण्याचा वेग मोबाइलवर आणि सर्व्हरवर वेगवेगळ्या पद्धतीने मोजला जातोय असं समजा. बहुतेक वेळा एका बाजूला फ्रेमचा (पडद्यावरच्या एका चित्राचा) वेळ आणि दुसऱ्या बाजूला ठरावीक वेळ वापरलेला असतो.

आता शंभर जणांचा हिशेब. प्रत्येकाला इतर सगळ्यांची हालचाल पाठवायची, एका हालचालीला २० बाइट, सेकंदाला १० वेळा: १०० × १०० × १० × २० म्हणजे सेकंदाला २० लाख बाइट. शंभर जण महिनाभर अखंड खेळले तर ५ टेराबाइटच्या वर डेटा जाईल. नकाशाचे चौकोन पाडा आणि खेळाडूला त्याच्या चौकोनातलं आणि लगतच्या आठ चौकोनांतलंच कळवा. एकाला सरासरी १५ जण दिसत असतील, तर हाच आकडा सेकंदाला ३ लाख बाइटवर येतो. हे चौकोन पहिल्या खोलीपासूनच कोडमध्ये असू द्या, नंतर घुसवताना फार तोडफोड होते.

खोली झाली की लॉगिन, मग एकच मुंजा, मग त्याच्याकडून पडणारी एकच वस्तू, मग दोघांतली देवाणघेवाण. गावं त्यानंतर एकेक करून उघडा. आठवड्याला दहा तास देत असाल तर नुसत्या खोलीला दोन-तीन महिने लागतील. तेवढे द्या, पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहणार आहे.

प्रश्न: आमचे बहुतेक खेळाडू लोकलमध्ये खेळतात. नेटवर्क गेलं की पात्र जागच्या जागी मरतं आणि परत आल्यावर ‘तुम्ही आधीच लॉगिन आहात’ असा संदेश येतो. – विरार

उत्तर: चर्चगेट ते विरार सुमारे ६० किलोमीटरच्या प्रवासात मोबाइल कितीतरी टॉवर बदलतो. घरचं वायफाय सुटून मोबाइल डेटा सुरू झाला की आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा मोबाइलचा पत्ता, हाही बदलतो. टीसीपी या इंटरनेटवरच्या नेहमीच्या पद्धतीची जोडणी पत्त्याला बांधलेली असते, त्यामुळे ती तुटते, पण सर्व्हरला ते लगेच कळत नाही. त्याच्या लेखी खेळाडू अजून आतच असतो.

लॉगिन होताच खेळाडूला एक लांब, यादृच्छिक टोकन (ओळखीचा गुप्त संकेत) द्या. ओळख टोकनवरून पटवा, पत्त्यावरून नको. त्याच टोकनने नवी जोडणी आली की सर्व्हरने जुनी स्वतःहून बंद करावी. दर ५ सेकंदांनी एक छोटा ‘आहे’ संदेश येऊ द्या, असे तीन चुकले की खेळाडू तुटला असं धरा.

आता त्या पात्राचं काय करायचं? लगेच गायब केलंत तर हरायला आलेला प्रत्येक जण मोबाइल विमान मोडवर टाकून निसटेल. खूप वेळ उभं ठेवलंत तर बिचारा प्रवासी फुकट मरेल. मधला मार्ग असा: लढाई चालू नसेल तर ताबडतोब गायब, लढाईत असेल तर २० सेकंद उभं, आणि तेवढ्या वेळात पात्राने स्वतःहून बचाव करावा.

आणखी एक. त्रास देणाऱ्याला आयपी पत्त्यावरून बंदी घालू नका. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. एकाला हाकलायला जाल आणि अख्खा डबा बाहेर पडेल. बंदी खात्यावर घाला.

सर्व्हर मुंबईतच भाड्याने घ्या, मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं इथे आहेत. फायबरमधून प्रकाशाला हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद लागतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मशीन स्वस्त मिळालं तरी जाऊन-येऊन शंभराहून जास्त मिलिसेकंद नुसत्या अंतरातच जातात.

प्रश्न: कुणीतरी एक दुर्मीळ तलवार दुप्पट केली, आता बाजारात तशा चाळीस फिरतायत. चोर कसा शोधायचा? – लालबाग

उत्तर: चोर शोधण्याआधी भोक बुजवा. तुम्ही पत्रात लिहिता की प्रत्येक खेळाडूची पिशवी एकाच मोठ्या मजकुरात, दर पाच मिनिटांनी जतन होते. दुखणं तिथेच आहे. अ ने ब ला तलवार दिली, ब ची पिशवी जतन झाली, अ ची व्हायच्या आत सर्व्हर पडला. पुन्हा सुरू झाल्यावर तलवार दोघांकडे. ज्याला हे कळलं तो सर्व्हर मुद्दाम पाडायच्या युक्त्या शोधतो.

प्रत्येक मौल्यवान वस्तूला डेटाबेसमध्ये स्वतःची ओळ आणि स्वतःचा क्रमांक द्या, मालक हा त्या ओळीतला एक रकाना. देवाणघेवाण म्हणजे ‘या क्रमांकाची वस्तू, मालक अ असेल तरच, ब च्या नावावर कर’ अशी एकच आज्ञा. बदललेल्या ओळींची संख्या बरोबर १ आली नाही तर अख्खा सौदा रद्द. दोन्ही बाजूंच्या वस्तू आणि मोहरा एकाच ट्रँझॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा व्यवहारात) बांधा. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस हे चोख करतो आणि फुकट आहे.

मोहरा नेहमी पूर्णांकात ठेवा आणि ऋण रक्कम नाकारा. ‘मित्राला उणे ५०० मोहरा पाठव’ असं म्हणून मित्राचीच थैली रिकामी करणं ही फार जुनी खोड आहे.

याच्या जोडीला किराणा दुकानात असते तशी खतावणी घाला: कधी, कोणाला, किती, कशामुळे. ओळ फक्त वाढवायची, खोडायची नाही. रोज रात्री निर्माण झालेल्या मोहरांतून नष्ट झालेल्या वजा करा आणि सगळ्यांच्या थैल्यांतल्या बेरजेशी ताडून पाहा. एका मोहरेचा फरक आला तरी सकाळी आधी तो शोधा. चाळीस तलवारींपैकी ज्या एखाद्या भुताकडून पडल्याची नोंद कुठेच नाही त्या काढून घ्या. पण ज्यांनी भाबडेपणाने विकत घेतल्या त्यांचे पैसे परत करा, त्यांचा विश्वास तलवारीपेक्षा मोलाचा आहे.

प्रश्न: ५० रुपये प्रवेश फी घेऊन विजेत्याला २,००० रुपये द्यायचे आहेत. चालेल? – नालासोपारा

उत्तर: नको. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळलेला ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंद केला आहे, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ई-स्पोर्टची वर्गवारी वेगळी आहे, घरगुती स्पर्धा आपोआप तिच्यात बसत नाही.

प्रश्न: गेममध्ये मराठी तुटून दिसतं. वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. – गिरगाव

उत्तर: मराठी मजकूर साठवला जातो उच्चाराच्या क्रमाने, दिसतो वेगळ्या क्रमाने. ‘कि’मध्ये आधी क, मग वेलांटी साठवलेली असते. ती डावीकडे नेऊन मांडायचं काम शेपिंग इंजिन करतं, आणि गोडो ३ मध्ये ते नव्हतं. गोडो ४ मध्ये हार्फबझ हे असं इंजिन आहे, तेव्हा आवृत्ती बदला. अक्षरं चित्र म्हणून एकेक कापून लावलेले पिक्सेल फॉन्ट मराठीला चालत नाहीत. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट मोफत आहे आणि लहान आकारातही वाचता येतो. इंग्रजीपेक्षा ओळीची उंची थोडी जास्त ठेवा, नाहीतर रफार आणि उकार कापले जातात. ‘वाऱ्यावर’ लिहिताना ऱ वापरा, साधा र घेतलात तर ‘वार्यावर’ होईल.

खेळाडूंच्या नावांना मर्यादा घालताना ‘क्षितिज’ मोजून पाहा. वाचताना तीन अक्षरं, युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंचात सात चिन्हं, साठवताना यूटीएफ-८ या पद्धतीत २१ बाइट. बारा बाइटांची मर्यादा ठेवलीत तर त्याचं नाव ‘क्षि’वरच तुटेल. मर्यादा दिसणाऱ्या अक्षरांवर घाला. आणि नाव नोंदवण्याआधी ते एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणा: ऱ हे अक्षर दोन प्रकारे साठवता येतं, त्यामुळे दिसायला अगदी सारखी दोन ‘गिऱ्हा’ खाती तयार होऊ शकतात.