तुझं काम पॅनेलच्या मागच्या बाजूला आहे

प्रश्न : मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्ही सहा जणांनी 'घर' या विषयावर मिश्र माध्यमातलं आठ फूट बाय चार फुटांचं पॅनेल केलं. त्यात कागद, कापड, तार, जुने फोटो आणि मागून दिवे असं सगळं आहे. चित्रं दोघांनी काढली. मोजमापं, चिकटवणं, वायरिंग, टांगणी मी बघितली. कागद फुगत होता म्हणून मी सहा तुकड्यांवर वेगवेगळे गोंद लावून, तारखा टाकून आठवडाभर खिडकीत ठेवले होते, त्यावर सगळे हसले. आता पाटीवर त्या दोघांची नावं 'संकल्पना आणि चित्र' अशी आहेत आणि आम्ही चौघं 'सहकार्य'मध्ये. आई विचारते, यात तू नक्की काय केलंस? माझा हात चित्रात चालत नाही. तरी मी या क्षेत्रात जाऊ का? रविवारी पॅनेल उतरवणार आहेत.

उत्तर :

प्रिय मुली,

आईच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे, पण तू ते जाता जाता लिहून टाकलंस. खिडकीत ठेवलेले ते सहा तुकडे.

पाण्याचा अंश असलेला गोंद लागला की कागदाचे तंतू फुगतात आणि वाळताना आखडतात. बोर्डाला एकाच बाजूने ओढ बसते आणि तो वाकतो. मागच्या बाजूलाही तसाच कागद चिकटवला, तर ओढ दोन्हीकडे सारखी होते. हे पुस्तकात वाचून कळतं, पण आपल्याच कागदावर, आपल्याच गोंदाने काय होईल हे करूनच बघावं लागतं, आणि तू ते करून बघितलंस.

मोठ्या संग्रहालयांत हेच काम पगारी माणसं करतात. वस्तू ज्या कपाटात ठेवायची त्याचं लाकूड, कापड, रंग तिला घातक आहेत का, हे तपासायची एक प्रसिद्ध चाचणी आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी ती 1973 मध्ये मांडली. त्या साहित्याचा तुकडा चांदी, शिसं आणि तांब्याच्या छोट्या पट्ट्यांबरोबर बंद काचपात्रात 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस ठेवतात. पट्ट्या काळवंडल्या किंवा गंजल्या, तर ते साहित्य बाद. तुझी खिडकी आणि ते काचपात्र यांत साधनांचा फरक आहे, विचार एकाच जातीचा आहे.

हा विचार झाला नाही की काय होतं, त्याचं मन हेलावणारं उदाहरण म्हणजे इव्हा हेस यांची शिल्पं. त्यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, वापरून विलक्षण सुंदर कामं केली. 1970 मध्ये त्या गेल्या. पुढे ते लॅटेक्स पिवळं-तपकिरी पडलं, ठिसूळ झालं. त्यांतली काही कामं आज मांडताही येत नाहीत. ती जपायची कशी यावर संवर्धक अजून डोकं लावून बसलेले असतात. मिश्र माध्यमात हा प्रश्न पावलोपावली येतो. तार ओलसर राहिली तर गंजाचे डाग कापडावर उतरतात. वर्तमानपत्राचा कागद उजेडात पिवळा पडतो, कारण त्यात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य शिल्लक असतं. तैलरंगावर ॲक्रिलिक लावलं तर ते पुढे पापुद्र्यासारखं सुटू शकतं. कुणाला तरी हे आधी सुचावं लागतं, आणि तुमच्या सहा जणांत ते तुला सुचत होतं.

आता क्षेत्राबद्दल. कलाक्षेत्र म्हणजे चित्रकार, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर असतं. पण एक प्रदर्शन उभं राहतं तेव्हा त्यामागे मांडणीचा आराखडा करणारे असतात, प्रकाशयोजनाकार असतात, कलाकृती हाताळणारे आणि टांगणारे तंत्रज्ञ असतात, प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणारे असतात, संवर्धक असतात. नाटक-सिनेमाचं नेपथ्य आणि दुकानांच्या दर्शनी मांडणीचं कामही याच्या शेजारचंच. संवर्धनाकडे वळायचं असेल तर रसायनशास्त्र सोडू नकोस. हे मी मुद्दाम सांगते, कारण कलेकडे जायचं ठरवलं की मुलं विज्ञान आधी टाकून देतात आणि मग तिथेच घोडं अडतं.

हात चालत नाही म्हणतेस. मांडणी किंवा नेपथ्य शिकायचं तर रेखाटन लागतंच, त्यातून सुटका नाही. पण ते चेहरे काढण्याचं कौशल्य नसतं. वरून दिसणारा नकाशा, समोरून दिसणारी बाजू, प्रमाणात केलेली प्रतिकृती, असं ते काम असतं. तुमचंच पॅनेल एकास दहा या प्रमाणात पुठ्ठ्यात करून बघ, साधारण 24 सेंटिमीटर बाय 12 सेंटिमीटरचं होईल. त्यात मन रमलं तर हात आपोआप वळेल.

एक प्रश्न मात्र स्वतःला खरा खरा विचार. हे काम तुला आवडलं, की दुसरं कुणी करत नव्हतं म्हणून तू केलंस? गटात जी मुलगी टापटीप असते तिच्याकडे याद्या, गोंद आणि निस्तरणं हळूच सरकवलं जातं. मला याची चीड आहे. तसं झालं असेल तर त्यावर करिअर बेतू नकोस. पण ज्या कामाला कुणी हसलं तेच तू आठवडाभर रोज जाऊन बघत होतीस, यावरून मला वाटतं की तुला ते आवडत असावं.

पाटीचं. ज्युडी शिकागो यांची 'द डिनर पार्टी' ही भव्य मांडणी 1974 ते 1979 या काळात तयार झाली. त्रिकोणी टेबल, 39 स्त्रियांसाठी मांडलेल्या जागा, आणि त्यामागे कित्येकशे माणसांची भरतकाम, सिरॅमिक, संशोधन अशी मेहनत. ती ओळखली जाते एकाच नावाने, आणि श्रेयाचा वादही तिच्याभोवती झाला. पण सोबत काम करणाऱ्यांची नावं असलेले फलक त्या कलाकृतीचाच भाग म्हणून केले गेले. तेव्हा तू श्रेय मागणं हे काही भांडखोरपणाचं नाही. गटाला एकत्र बसवून सांग की 'सहकार्य' हा शब्द काढून प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं काम लिहू या. चित्रं ज्यांनी काढली त्यांचं श्रेय त्याने कमी होत नाही, हेही सांग. बाकीच्या तिघांनाही हे हवंच असणार. नव्या पाटीला एक कागद आणि दहा मिनिटं लागतात.

तुझ्या पोर्टफोलिओतही तसंच नेमकं लिही : 'सहा जणांचं काम. माझी जबाबदारी : साहित्याच्या चाचण्या, चिकटवणं, मागची चौकट, वायरिंग, टांगणी.' मुलाखतीत समोरचा हमखास विचारतो, यात तुमचं काय? 'आम्ही सगळ्यांनी सगळं केलं' या उत्तराने कुणाचंच भलं होत नाही.

रविवारच्या आत फोटो काढ. समोरून सगळ्यांनी काढले असतील, तू मागून काढ. चौकट, तारांचे जोड, टांगायच्या दोन कड्या, दिव्यांची वायर कुठून कुठे गेली ते, सगळं जवळून. कॅमेऱ्यात येईल अशी मोजपट्टी शेजारी धर. पॅनेल उतरवताना काय सुटलं, काय वाकलं, कुठला गोंद टिकला, ते तारखेसह लिहून ठेव. आणि ते सहा तुकडे कुणी कचऱ्यात टाकले नसतील तर आजच ताब्यात घे.

तुझी,
मार्गदर्शक ताई