जळणाच्या लाकडासाठी झाडं लावताय? आधी तणाचं बघा

अरे, जात कुठली लावू हे सगळे आधी विचारतात पण खरं मरण तणात आहे. विलो किंवा पॉपलर या झपाट्याने वाढणाऱ्या झाडांच्या 20-25 सेंमीच्या काड्या लावल्या की पहिली दोन वर्षं शेत साफ ठेवायचंच, नाहीतर गवत वर जातं आणि कोंब खाली गुदमरतात, मग कितीही खत घाल, उपयोग नाही. विलोच्या हेक्टरी साधारण 15,000 काड्या लागतात, म्हणून काडी रोगमुक्त घे आणि दोन-तीन जाती मिसळून लाव, एकच लावलीस आणि तांबेरा (पानांवरचा बुरशीचा रोग) आला तर सगळं एकदम बसतं.

पहिल्या हिवाळ्यात सगळं जमिनीलगत छाटायचं. हो, जीव जळतो, पण त्यानेच बुंध्यातून भरपूर फुटवे येतात. पुढे दर 3-4 वर्षांनी पानं गळाल्यावर कापणी, त्याच बुंध्यावर 20 वर्षं तरी चालतं.

आणि ओल्या लाकडात निम्मं पाणीच असतं बरं का, ओल्या चिप्सचा, म्हणजे लाकडाच्या बारीक तुकड्यांचा, मोठा ढीग लावून ठेवलास तर आतून तापतो, कुजतो, कधी पेटही घेतो. त्यापेक्षा अख्ख्या फांद्या वाळव, चिप्स नंतर कर. गिऱ्हाईक मात्र लावायच्या आधीच जवळपास शोध, हा माल लांब नेणं परवडत नाही.