सरासरीत हरवणाऱ्या मुलांविषयी, नव्या मुख्याध्यापकांना

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार. शाळेची सूत्रे हाती घेताना एकूण गुणवत्ता कशी उंचावावी, असे तुम्ही विचारले आहे. तुमची शाळा बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेची आहे, पटावरची बरीच मुले ऊसतोड कामगारांची आहेत आणि काही तांड्यावरून येतात, हे ध्यानात घेऊन लिहितो. मला मुख्यतः एकच सांगायचे आहे. शाळेची गुणवत्ता सर्वांत मागे राहिलेल्या मुलांच्या प्रगतीवरून मोजा, आणि त्या मुलांची जबाबदारी एकेकट्या वर्गशिक्षकाची न मानता सगळ्या शाळेची माना.

आपल्याकडे शाळेचे नाव होते ते शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या निकालावर. त्या मुलांचे कौतुक अवश्य व्हावे. पण चार-पाच जणांसाठी वर्षभर जादा तास चालतात आणि त्याच वर्गातल्या ज्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही, त्याच्यासाठी वेगळा अर्धा तासही निघत नाही, ही स्थिती मला अन्यायाची वाटते. १८८२ साली सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी हीच तक्रार मोठ्या प्रमाणावर मांडली होती : पैसा कष्टकऱ्यांचा, खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित. शाळेच्या वेळापत्रकातही असा हिशेब लपलेला असतो आणि तो मुख्याध्यापकालाच तपासावा लागतो.

शाळा उघडल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक मुलाला एकटे बसवून वाचून घ्या : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, गणितात संख्याज्ञान, वजाबाकी, भागाकार. त्यावरून टक्केवारी काढण्याची घाई करू नका. कोणत्या पायरीवर कोण आहे, याची नावानिशी यादी करा आणि ती सर्व शिक्षकांसमोर ठेवा. सहावीच्या वर्गात शब्दापाशी अडलेली मुले आढळली, तर खालच्या वर्गाच्या शिक्षकांना दोष देण्यात बैठक घालवू नका. ते मूल आज तुमच्या शाळेत आहे, एवढेच त्या क्षणी महत्त्वाचे असते.

मग रोजचा एक तास इयत्तांच्या भिंती बाजूला ठेवून मुलांना स्तरानुसार बसवा. हे मी नुसत्या अनुभवाच्या भरवशावर सांगत नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा काटेकोर अभ्यास झाला. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एखादी तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून मूलभूत वाचन-गणित शिकवत असे. त्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. मात्र वर्ग लहान होऊनही नेहमीच्या शिक्षकाकडे उरलेल्या मुलांना त्याचा फारसा लाभ झाला नाही. म्हणजे संख्या कमी करणे पुरेसे नव्हते. मुलाच्या पायरीपासून शिकवणे निर्णायक ठरले. उपक्रमातून बाहेर पडल्यानंतर वर्षभरात त्या लाभातला बराचसा भाग ओसरला, हेही विसरू नका. पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात सरकारी शिक्षकांनीच रोज ठरलेल्या तासाला स्तरानुसार गट करून शिकवले, पर्यवेक्षकांनी प्रत्यक्ष शाळेत जाऊन मदत केली, आणि भाषेत सुधारणा दिसली. जिथे नुसते साहित्य पोचवले गेले, तिथे शिक्षक पुन्हा पाठ्यपुस्तक संपवण्याकडे वळले. म्हणून तो तास वेळापत्रकात पक्का नोंदवा आणि माहिती भरण्याच्या कामासाठी किंवा बैठकीसाठी तो कधीही मोडू देऊ नका.

सर्वांत खालचा गट सर्वांत अनुभवी शिक्षकाकडे द्यावा. शक्य असेल तर तो तुम्ही स्वतःच घ्या. नवख्या शिक्षकाकडे किंवा स्वयंसेवकाकडे तो ढकलला गेला, की शाळेच्या लेखी त्या मुलांची किंमत काय आहे, हे सर्वांना न सांगता कळते, आणि मुलांना ते सर्वांत आधी कळते.

आता तुमच्या शाळेचा खरा पेच. दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, बाहेर पडतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. वर्षाचा जवळजवळ निम्मा भाग त्यात जातो. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर हे महिने तुमच्यासाठी सोन्याच्या मोलाचे आहेत. या काळात इतर उपक्रमांना शक्य तितके आवर घाला. कोणते कुटुंब जाणार आहे, मूल आजी-आजोबांकडे राहू शकते का, हे गणपतीच्या आधीच घरोघर जाऊन विचारा. मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवा. ते चालू झाल्यावर जेवणाबरोबर संध्याकाळच्या अभ्यासाकडेही स्वतः लक्ष द्या. मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळायला फडात नेली जाते, म्हणून त्या घरी आईशी बोलणे विशेष गरजेचे आहे. जी मुले जाणारच आहेत, त्यांच्याबरोबर तिकडच्या शाळेत दाखवायचे शिक्षण हमी कार्ड द्या, कारखाना आणि गाव यांची नोंद ठेवा, आणि तिकडच्या शाळेला स्वतः फोन करा. कार्ड ट्रंकेत राहते. फोनवर बोललेला मुख्याध्यापक मुलाला शोधून वर्गात बसवतो.

तांड्यावरच्या मुलांच्या घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलली जाते. पहिली-दुसरीत त्या बोलीतले शब्द, गाणी, गोष्टी वर्गात येऊ द्या. मूल बोलत नाही म्हणजे त्याला समजत नाही, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. एखाद्या आईला आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवा. शिक्षकही चार शब्द शिकतील.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ठरावावर सह्या घेण्यापुरती ती राहू नये. मजुरीला जाणाऱ्यांना जमेल अशी संध्याकाळची वेळ ठेवा, आणि दरवेळी किती मुले एका पायरीवरून पुढच्या पायरीवर गेली, हे पालकांना कळेल अशा भाषेत सांगा.

एक गोष्ट राहिली. मार्च-एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांना थेट वार्षिक परीक्षेला बसवून निकालपत्रक पूर्ण करण्याचा मोह होईल. त्याआधी त्यांची पायरी पुन्हा तपासा आणि उन्हाळी सुट्टीपर्यंतचे आठवडे त्यांच्यासाठी राखून ठेवा. वयानुरूप प्रवेश मिळालेल्या मुलांना विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद कायद्यातच आहे, तिचा आधार घ्या. जुलैची यादी तयार झाली की मला कळवा. मी येईन आणि त्या तासाला तुमच्या गटात बसेन.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त केंद्रप्रमुख