वाचकांचे प्रश्न : लोखंड असूनही चिकटत नाही, ते का?

प्रश्न : गोदावरीच्या पात्रातील वाळूत मुलांनी जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक फिरवला, तेव्हा त्याला बारीक काळे कण चिकटले. हे लोखंडच आहे का? मग ते गंजत कसे नाही?
— एक वाचक, गंगाखेड

उत्तर : ते कण धातुरूप लोखंडाचे नसून मुख्यतः मॅग्नेटाइट या खनिजाचे आहेत. मॅग्नेटाइट म्हणजे लोह आणि ऑक्सिजन यांचे संयुग. आपल्याकडच्या कणांत थोडे टायटॅनियमही असते. लोहाचा ऑक्सिजनशी संयोग आधीच झालेला असल्यामुळे हे कण ओल्या वाळूत पडलेल्या खिळ्यासारखे गंजून फुगत नाहीत. मराठवाड्याचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, झिजला की त्यातून ते सुटे होतात आणि साध्या वाळूच्या सुमारे दुप्पट जड असल्यामुळे प्रवाह मंदावतो तेथे मागे राहतात. पाणी ओसरल्यावर पात्रात दिसणाऱ्या काळ्या रेघा बहुधा त्यांच्याच असतात. मुलांना एक सांगावे, की चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवावा. नाहीतर कण सुरवंटाच्या केसांसारखे उभे राहून असे चिकटतात, की पुसता पुसत नाहीत. पिशवी असली की चुंबक बाहेर काढताच सगळे कण खाली पडतात.

या कणांची खरी गंमत पुढेच आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला. तो थंड होताना त्यातील मॅग्नेटाइटने त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा उचलली आणि ती आजवर जपली. वेरूळचे कैलास लेणे कोरले आहे तो कातळही याच लाव्ह्याचा. या थरांची मोजणी केली असता अनेक थरांत ही दिशा आजच्या उलट आढळते, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. क्षेत्र जमिनीकडे किती कललेले होते यावरून असेही कळते, की त्या काळी भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. होकायंत्र मात्र उघड्या कातळावर टेकवून दिशा पाहू नये. वीज पडलेल्या खडकाजवळ तर सुई चांगलीच भरकटते.

प्रश्न : स्पीकरचा गोल चुंबक पडून त्याचे दोन तुकडे झाले. ते जोडू गेलो तर एकमेकांना ढकलतात. तुटताना चुंबक बिघडला का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : बिघडला नाही. या कड्याची एक सपाट बाजू संपूर्ण उत्तर ध्रुव आणि दुसरी संपूर्ण दक्षिण ध्रुव असते. तुकडे पूर्वीसारखे शेजारी ठेवले की उत्तरेशेजारी उत्तर आणि दक्षिणेशेजारी दक्षिण येते, आणि ते एकमेकांना दूर लोटतात. अखंड असतानाही हा ताण आत होताच, फक्त घट्ट भाजलेल्या पदार्थाने तो धरून ठेवला होता. एक तुकडा पालथा करून पाहा, तो लगेच चिकटेल. एकटा उत्तर ध्रुव मात्र कितीही तुकडे केले तरी हाती लागणार नाही.

प्रश्न : चुंबक चिकटला नाही तर स्टील अस्सल, असे भांडी विकणारे सांगतात. आमचा डबा तळाशी चिकटत नाही, पण काठाशी थोडा चिकटतो. फसवणूक झाली का?
— एक गृहिणी, परभणी

उत्तर : तेवढ्यावरून फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही, आणि ही परीक्षा जितकी सांगितली जाते तितकी पक्कीही नाही. भांड्यांच्या 304 क्रमांकाच्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. बाकी बहुतांश लोखंडच. तरीही ते चिकटत नाही, कारण चुंबकत्व केवळ लोह असण्यावर नव्हे, तर अणूंच्या मांडणीवर अवलंबून असते. साध्या लोखंडात अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि मधोमध बसतात. तेथे प्रत्येक अणूचे इवलेसे चुंबकत्व शेजाऱ्याच्या दिशेने वळते आणि एका दिशेच्या अणूंचे गट, म्हणजे डोमेन, तयार होतात. निकेलमुळे अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि पृष्ठांच्या मध्यावर बसतात, आणि या मांडणीत तशी एकजूट होत नाही. काठ वळवताना पत्र्याला जो मार बसतो त्याने तेवढ्या भागातील मांडणी अंशतः बदलते, म्हणून तेथे चुंबक हलकेच धरतो. तुमच्या डब्याचे कारण बहुधा हेच आहे.

दुसरीकडे, निकेल वाचवून मँगनीज घातलेले 200 मालिकेचे स्वस्त स्टीलही चिकटत नाही, पण गंजाला ते 304 इतके दाद न देणारे नसते. दुकानातला चुंबक या दोहोंतला फरक सांगू शकत नाही. उलट निकेल जवळजवळ नसलेले 430 क्रमांकाचे स्टील चुंबकाला घट्ट चिकटते, म्हणून ते टाकाऊ ठरत नाही; इंडक्शन शेगडीला तर चिकटणाऱ्या बुडाचेच भांडे लागते.

प्रश्न : भंगार उचलणाऱ्या क्रेनची लोखंडी तबकडी माल उचलते आणि क्षणात सोडते. हा कसला चुंबक?
— एक विद्यार्थी, जालना

उत्तर : हा विद्युतचुंबक. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे ओर्स्टेडने 1820 मध्ये दाखवले. तबकडीत नरम लोखंडाभोवती तारेचे वेढे असतात. प्रवाह सुरू असेपर्यंत लोखंडातील डोमेन एका दिशेला वळतात आणि तो थांबताच बहुतेक विस्कटतात. भंगारातील कडक पोलादात मात्र थोडे चुंबकत्व उरते आणि काही तुकडे लोंबकळत राहतात, म्हणून चालक क्षणभर उलटा प्रवाह देतो. तांबे आणि अॅल्युमिनियम ही तबकडी उचलत नाही. तुमच्या जालन्यातल्या रोलिंग मिलमधून नुकतीच बाहेर पडलेली लाल सळईही ती उचलणार नाही, कारण 770 अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाच्या अणूंची ही एकजूट उष्णतेने मोडते. सळई काळी पडून त्याखाली निवली, की तीच पुन्हा चिकटू लागते.